मुठीचा हात

"मोजशील तेव्हा आधी विचार, हात कोणाचा ते." वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं आणि तिने ते कानाआड केलं होतं. हाताचं माप पुस्तकात दिलेलं असतं, बाबा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, शेहेचाळीस सेंटीमीटर. विषय संपला.

आज संग्रहालयाच्या मागच्या खोलीत फलकाचा मजकूर टेबलावर होता आणि तो छापणारा माणूस दाराशी खुर्ची टाकून बसला होता. चार वाजता कागद घेऊन जाणार होता. समुद्राच्या तळाशी सापडलेलं जुनं जहाज पुढच्या दालनात मांडून झालं होतं. धर्मग्रंथात अशाच जहाजाचं वर्णन आहे: लांबी साठ हात, रुंदी पंधरा, पुढच्या टोकापासून डोलकाठी वीस हातांवर. सापडलेलं जहाज तिन्ही मापांत पाचव्या हिश्शाने कमी भरत होतं. म्हणून मजकुराची शेवटची ओळ, तिनेच लिहिलेली: 'ग्रंथातील वर्णन अतिशयोक्त आहे.'

"ग्रंथ लिहिणाऱ्यांचा हात सढळच असायचा," विभागप्रमुख म्हणाले आणि सही करायला त्यांनी पेन उघडलं.

तेवढ्यात वडील आले, कडेवर नात. पाळणाघरातून फोन आला होता, अंग कोमट लागतंय म्हणून. तिने पोरीच्या मानेला हात लावला, मग कपाळाला, मग पुन्हा मानेला.

"ताप नाही. दात येतायत," वडील म्हणाले. "तीनदा बघितलं मी."

"तीनदा?"

"तू विचारणार म्हणून."

वडिलांचा जन्म होड्या-जहाजं बांधण्यात गेला. कामावर त्यांना सगळे गुण्या म्हणायचे. सुताराच्या काटकोनाचं नाव, कारण त्यांचा कोपरा कधी चुकला नव्हता. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"अतिशयोक्त म्हणजे फुगवून सांगितलेलं ना?"

"हो, बाबा."

"मापं बांधणाऱ्यांनीच सांगितली असणार. म्हणजे ते खोटारडे."

"तसं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीस. पण भिंतीवर लागलं की लोक तसंच वाचतील." त्यांनी कागद परत ठेवला. "हे साठ हात मोजले कशाने?"

"दोरीने असणार."

"मग धर दोरी."

खोक्याची सुतळी पडलीच होती. तिने कोपर टेबलावर टेकवलं, सुतळी मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नेली आणि ताणली. निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. दाराशी बसलेला माणूस हसला.

"बोटाच्या टोकाने दोरी धरतात होय गं? कॉलेजात शिकवलं का हे?" वडिलांनी नात तिच्याकडे दिली, सुतळी घेतली आणि मूठ आवळली. कोपर ते मूठ. "हा आमचा हात. माझ्या बापाचा हाच, त्याच्या बापाचा हाच. दोरी धरायची तर मूठ मिटावीच लागते."

पोरीला कडेवर सावरत तिने टेप लावली. सदतीस. कागदाच्या पाठीवर गुणाकार केला. साठ हात, म्हणजे बावीस मीटर वीस. जहाज, बावीस मीटर एकतीस. पंधरा हात, पाच पंचावन्न. जहाज, पाच बावन्न. मग डोलकाठी. वीस हात, सात चाळीस. जहाज, सात त्रेचाळीस.

"लांबीत अकरा सेंटीमीटरचा फरक राहतोय," ती हळूच म्हणाली.

"तेवढा समुद्राला माफ."

विभागप्रमुखांनी पेन मिटलं. "अहो, एका माणसाची मूठ म्हणजे काही पुरावा होत नाही."

"नाही होत, सर. पण फुगवून सांगणारा तिन्ही मापं सारखीच कशी फुगवेल? हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मापच मी चुकीचं धरलं."

"खोटं कधी गुण्यात येत नाही, साहेब," वडील म्हणाले.

प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोण?"

"जहाजं बांधणारे सुतार आहेत," ती म्हणाली. मग सावकाश, "माझे वडील."

तिने शेवटची ओळ खोडली. खाली लिहिलं: 'कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतचा हात धरला, तर मापं जुळतात.'

"'जुळतात' नको. 'जुळताना दिसतात' करा," प्रमुख म्हणाले. सही करता करता थांबले. "आणि हे दाखवून कोणी दिलं, तेही घाला."

तिने वडिलांकडे पाहिलं. ते सुतळीची गुंडी करत होते.

"माझं नाव नको," ते म्हणाले. "'सुतारांनी' असं लिही. म्हणजे सगळे आले."

चार वाजून गेले होते. छापणाऱ्याने कागद घेतला आणि जाताना दारात थांबून ती ओळ एकदा मोठ्याने वाचली.

तो फलक आता दालनात लागला आहे. तिचे म्हातारे वडील रोज दुपारी त्याच्या बाजूला ताठ उभे असतात. कोणी वाचायला थांबलं की थोडे सरकतात आणि त्याचं वाचून होईपर्यंत दुसरीकडे बघत राहतात. गुडघे दुखतात, पण बाकावर बसा म्हटलं की म्हणतात, बसायला घर आहे. तुम्ही कधी तिकडे गेलात तर जरा त्यांच्याकडे बघा. पाणी प्यायले का, तेवढं विचारा. मुलीने विचारलं की ते नुसतं हो म्हणतात.