चार तकबीर

वाटूर फाटा मागे पडताच रहमतुल्लांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"चाचा, मंठा आलंच की," गाडी चालवणारा हरिओम म्हणाला. "अर्ध्या घंट्यात दारात सोडतो."

"दारात माणसं असतील. इथं थांब."

औरंगाबादला खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांना दुसरा आठवडा लागला होता. इकडे घरी, मंठ्यात, त्यांची बायको पहाटे वारली. दफन असरच्या, दुपार उलटल्यावरच्या नमाजानंतर होतं. मुलाचा, मुझफ्फरचा, फोन आत्ताच येऊन गेला होता. अब्बांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, असं त्यानं सांगितलं होतं.

नाजियानं डिकीतून वॉकर काढून वडिलांपुढे ठेवला. ते दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे आधी ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय असे उतरले आणि सूर्य कलला होता त्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

"जनाज्याच्या नमाजात सजदा न्हाई, बेटा. झुकायचंबी न्हाई. फक्त उभं राहायचं. तेवढं करतो मी. इथं एकदा उभं राहून बघू दे."

"मग वॉकर धरून उभे राहा."

"हात बांधायचे असतात. वॉकर कशानं धरू?"

"डॉक्टरांनी सोडायचा नाही म्हणून सांगितलंय. पडलात तर पुन्हा तेच टेबल, अब्बा."

"जिंदगीभर तुझी अम्मी मला ऐकवत आली. टेलरचं काय, बसून कमवायचं, बसून खायचं. आज तिच्यासमोर खुर्चीत बसलो, तर तिचंच खरं झालं की."

नाजियाच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच थांबलं. तिनं वॉकर हातभर बाजूला सरकवला. हरिओम न सांगता मागे जाऊन उभा राहिला.

"तकबीर तू म्हण," रहमतुल्ला म्हणाले. "इमामसाहेबांसारखी. जल्दी करू नको."

नाजिया जनाज्याच्या नमाजात कधी उभी राहिली नव्हती. त्यांच्याकडे बायका घरीच थांबत. आजही अम्मीला दारातूनच निरोप द्यायचा होता. तरी ती वडिलांच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "अल्लाहु अकबर."

त्यांनी हात कानांपर्यंत नेले आणि पोटावर बांधले. दुसऱ्या तकबीरपर्यंत ते ताठ होते. तिसरीला पाय लटपटला. हरिओमनं त्यांना कमरेला धरलं.

"चाचा, गाडीला टेकून करा ना. कोण पाहून राह्यलंय इथं?"

"तिथं गाडी न्हाई राहणार, हरिओम." ते धापा टाकत होते. "भार एकाच पायावर दिला मी. दोन्हीवर बराबर द्यायला पाहिजे होता. चल नाजिया, पुन्हा."

"अब्बा, बस झालं."

"पुन्हा."

एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती थांबली. मग तिनं पहिली तकबीर म्हटली. त्यांनी हात उचलले, बांधले. दुसरी म्हटली. ते हलले नाहीत. तिसरी म्हटली.

तिसरीनंतर गेलेल्या माणसासाठी दुआ असते. ती तोंडातल्या तोंडात वाचतात, मग चौथी तकबीर येते आणि नमाज संपतो.

चौथी आली नाही. रहमतुल्लांच्या कपाळावरून घाम ओघळून दाढीत गेला. दुआ त्यांची केव्हाच वाचून झाली होती. त्यांनी डोळ्यांच्या कडेनं डावीकडे पाहिलं. नाजियानं हात छातीवर बांधले होते. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

त्यांचा गुडघा थरथरायला लागला. हरिओमनं ते पाहिलं आणि वॉकर हळूच पुढे आणला.

रहमतुल्लांनी त्याला नजरेनंच मागे सारलं. दोन्ही टाचा मातीत रोवल्या, भार बराबर वाटून घेतला आणि तिचं होईपर्यंत ते उभे राहिले.