एका खात्यापुरती बंदी

“हे पान तिच्या खात्यावर उघडता कामा नये. माझ्या खात्यावर उघडलं तरी हरकत नाही,” मुद्रितशोधकाने सांगितले.

कोपऱ्यावरचा संगणकवाला कळफलकावर हात ठेवून तसाच बसला. “फक्त काकूंच्या? तुमच्या नको?”

“फक्त तिच्या.”

एकच वाक्य दोनदा सांगावे लागले, याचा मुद्रितशोधकाला एरवी राग आला असता. आज रागावण्याइतकेही त्राण नव्हते.

लेक मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. बोटीच्या कंपनीच्या पानावर समुद्राचा नकाशा असे आणि त्यावर एक निळा ठिपका सरकत असे. दुपारची कामे आटोपली की बायको तो ठिपका पाहायला बसे. ठिपका बंदराला लागला की शेजारी जाऊन सांगून येई, जणू बोट तिनेच हाकली होती.

आज दुपारी छापखान्यात कंपनीचा फोन आला होता. वादळात बोट बुडाली. कोणीही हाती लागले नाही. शोध थांबवला आहे. निवेदन सकाळीच पानावर टाकले आहे, असे पलीकडचा माणूस हळू आवाजात म्हणाला. इतरांच्या ओळी तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ते पान उघडण्याचा धीर झाला नाही.

बायकोच्या हृदयाची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. तिला कसलाही धक्का बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. सुदैवाने आज ती बहिणीबरोबर तपासण्यांसाठी इस्पितळात गेली होती. दुपारी ठिपका पाहायला घरी नव्हती. म्हणून तो छापखान्यातून परस्पर संगणकवाल्याच्या दुकानात गेला आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन आला.

संगणकवाल्याने पानाचा पत्ता विचारला नाही. बोटे आपसूक चालली. काम उरकल्यावर तो उठला, पण दारापाशी घुटमळला.

“काका, तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसून बोललात तर?”

“शस्त्रक्रिया होऊन जाऊ दे. मग मीच सांगेन. तोवर तुझ्या तोंडून अवाक्षर बाहेर पडता कामा नये.”

“नाही पडणार,” संगणकवाला म्हणाला. “मला आता सवय झाली आहे.” आणि चपला घालून भराभर जिना उतरला.

तो गेल्यावर मुद्रितशोधकाने स्वतःशीच वाद घातला. पान बंद करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. वाक्य खोडणे वेगळे आणि खोटे वाक्य छापणे वेगळे. युक्तिवाद बिनतोड होता. मन मात्र मानेना.

तरीही एक खोटे त्याने तयार ठेवले होते. पान का उघडत नाही, असे बायकोने विचारले की कंपनीचे काही तांत्रिक काम चालू आहे, असे सांगायचे. तिने विचारलेच नाही. उलट जेवताना आपणहून म्हणाली, “तो सांगत होता, या फेरीत महिनाभर फोन लागणार नाही. तुम्ही उगाच वाट पाहत बसू नका.”

त्याने मान हलवली. लेकाने असे काही म्हटल्याचे त्याला आठवत नव्हते. पण आयती मिळालेली सवड त्याने नाकारली नाही.

“आणि भाजीत मीठ नाही,” ताटे उचलताना ती म्हणाली. “मी घालायला विसरले आणि तुम्ही मुकाट्याने जेवलात. चुका काढायचं सोडलंत वाटतं?”

शस्त्रक्रियेची धास्ती घेतली आहे बिचारीने, असे त्याला वाटले. त्या आठवड्यात ती संगणकासमोर एकदाही बसली नाही, त्याचेही कारण त्याने तेच धरले. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र ती न चुकता पाण्याच्या पेल्याशेजारी काढून ठेवत असे आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. तिला साध्या खोलीत हलवले, त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतले. धोका टळला आहे. आता त्या बऱ्याच सावरल्या आहेत, असे ते म्हणाले.

मुद्रितशोधक तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला. सांगायचे वाक्य त्याने मनात कितीदा तरी तपासले होते. त्यातला एकही शब्द आता काढता येत नव्हता की बदलता येत नव्हता. त्याने दार लोटून घेतले, घसा साफ केला.

“अगं, ऐक जरा…”

तिने सुईच्या पट्ट्या लावलेला हात उचलून त्याला थांबवले आणि तोच हात त्याच्या मनगटावर ठेवला.

“आधी माझं ऐका. बोटीचं पान तुमच्या खात्यावर उघडत नसेल. तपासण्यांना गेले त्या दिवशी सकाळी निघण्याआधी ते मीच बंद करून घेतलं होतं, डॉक्टर मला बरी म्हणेपर्यंत. आता मन घट्ट करा. लेकाबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे.”