दुरडीचं माप

सप्ताहाच्या पंगतीसाठी गावातून भाकरी गोळा करण्याची सेवा आबासाहेबांकडे होती. डोक्यावर बांबूची नवीकोरी दुरडी घेऊन ते दारोदार फिरले. बुरूडगल्लीत चतुराबाई भाकरी घेऊन उंबऱ्यात उभी दिसताच ते बिचकले. हिच्या घरची भाकरी पंगतीत वाढली तर भावकी काय म्हणेल? “दुरडी भरली, बाई. पुढल्या साली घेऊ,” म्हणत ते वळले. तिचा चेहरा पडला. “चुकी माजीच हाय, मालक. समद्या गावाची भाकर मावावी म्हनून मीच इनली, अन् ल्हान झाली बगा.” त्यांची कानशिलं तापली. कालच्या कीर्तनात ‘देवाला साऱ्याच घरची भाकर गोड’ या बोलावर पहिली टाळी त्यांचीच होती. त्यांनी दुरडी उतरवून तिच्यापुढं ठेवली. निम्मीसुद्धा भरली नव्हती. चतुराबाईनं आत पाहिलं, हलकेच आपली भाकरी ठेवली. “माप तर बरुबर हाय की, मालक.”