वाडग्याची रीत

श्रावण लागला की पेणमध्ये रामवाडीतल्या वृंदाकाकूंच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नसे. यंदा तर त्यांनी कुत्र्यालाही श्रावण पाळायला लावला. हवालदार त्याचं नाव, लहानपणापासून बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेला. काकूंनी त्याच्यासाठी गाजर, लाल भोपळा आणि नाचणीचं पीठ मळून ओव्हनमध्ये छान बिनमिठाची बिस्किटं भाजली, आणि शेजारी फराळ पाठवावा तशी वाडगाभर त्याच्यापुढे ठेवली. हवालदाराने ती चाटूनपुसून खाल्ली, रिकामा वाडगा दातांत धरला आणि फाटकाबाहेर निघून गेला.

तासाभराने तो परत आला. वाडगा त्याने अलगद काकूंच्या पायाशी ठेवला. आत सोड्यांची, म्हणजे सोलून वाळवलेल्या कोलंबीची पिशवी होती, गाठसुद्धा न सुटलेली.

"अहो, बघत काय बसलाय? आधी बाहेर टाका ते!" काकू कडाडल्या.

श्रावण लागल्यापासून पडवळ आणि दोडक्यावर दिवस काढणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने, मोरोपंतांनी, पिशवी उचलून छातीशी धरली.

"अगो, कोणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे अख्ख्या आळीला तूच शिकवलंस ना? बिचारा शिकला. श्रावण संपेपर्यंत राहू दे फळीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात आल्या, तर जन्मात चहाचं आधणसुद्धा न ठेवलेले मोरोपंत भोपळा किसत बसले होते.



आणि वाडग्याच्या जागी त्यांनी बादली धुऊन ठेवली होती.