बेचाळिसावा सेकंद

दादाचं लढाऊ विमान चाचणीत गिरक्या खात कोसळलं, त्यात तो गेला; गिरकीतून विमान सावरणारा प्रोग्राम धाकट्या बहिणीनेच लिहिलेला होता. शेवटचे एक्केचाळीस सेकंद त्याने विमान चालवायची दांडी कशी हलवली, एवढीच नोंद हाती लागली.

ती नोंद सिम्युलेटरला जोडून ती आठ महिने प्रोग्राम बदलत होती. रिकाम्या खुर्चीपुढची दांडी दादासारखीच धडपडायची आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला पडद्यावर जमीन यायची.

आज मात्र गिरकी सुटली. विमान सरळ झालं. तिला रडूच कोसळलं.

"जमलं की, ताई!" तंत्रज्ञ ओरडला. मग त्याची नजर सेकंदांच्या आकड्यावर गेली. "पण नोंद तर संपली. मग दांडी कोण हलवतंय?"

बेचाळीस. त्रेचाळीस. दांडी हलकेच कलली, मग दोनदा झटकली गेली. विमान तिच्या प्रोग्रामच्या हवाली करताना दादा नेहमी हीच खूण करायचा: घे, आता तू सांभाळ.

"बंद करू का?"

"खबरदार हात लावलास तर!"

पडद्यावरच्या विमानात चार मिनिटांचं इंधन उरलं होतं. आणि फक्त कोसळणं तपासायला बनवलेल्या त्या सिम्युलेटरमध्ये तिने धावपट्टी घातलीच नव्हती.