एकसारखे साठ फॉर्म

“सर, तुमच्या त्या जुन्या पुस्तकाला वर्गात हसणारी मीच,” अंतरा दारातच म्हणाली आणि वाडीची कवठाची बर्फी पुढं केली.

“आधी आत तर ये की,” गणपतराव सर म्हणाले. “बर्फीवर राग न्हाय आपला.”

सर यंदाच इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी अंतराच्या वर्गाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवली, तीही स्वतःच्या शिक्षणाच्या वेळच्या जाडजूड पुस्तकातून. अंतराला तेव्हा कोण मस्ती! त्यातली यंत्रं कधीच भंगारात गेलेली, मग त्यांच्या पोटात काय चालायचं ते शिकायचं कशाला?

आता ती शाहूपुरीतल्या एका कंपनीत टीमची प्रमुख होती. परवा तिच्या टीमनंच बनवलेला, साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम अडकला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत. टीममधला नवा मुलगा श्रेयस तीन तास नुसता मशीन बंद-चालू करत बसला. शेवटी अंतरालाच आठवलं. प्रोग्राममधली दोन कामं एकमेकांनी लावलेलं कुलूप उघडायची वाट बघत अडून बसली, की कुठलंच पुढं सरकत नाही. सरांनी त्या पुस्तकातून शिकवलेलं, जसंच्या तसं.

“मशिनं बदलली, सर. आतलं भांडण तेच आहे.”

“व्हय की!” सर खूश झाले.

“अजून एक सांगायचंय.” तिला मान वर करवेना. “शिक्षकांबद्दल अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले होते, बिननावाचे. मी लिहिलं, जुनाट पुस्तक, वेळ वाया. आमच्या वर्गाची खोड तुम्हाला माहीतच आहे. माझी असाइनमेंट उतरवायचे, तसा फॉर्मही उतरवला. साठच्या साठ फॉर्म एकसारखे.”

“म्हंजे ते तुझ्या एकटीचं मत हुतं?” सर तिच्याकडं बघतच राहिले. “मला वाटलं, समद्या पोरांचं.”

अंतराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माफ करा, सर.”

“ते कवाच केलं. पण आज कसं सुचलं?”

“त्या श्रेयसमुळं. त्याला नोकरीत कायम करायचं की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. काढा, असं लिहून ठेवलंय मी. पोरगा कष्टाळू आहे, पण कुलपांचा एवढा साधा प्रकार माहीत नाही हो त्याला! तुमच्याच कॉलेजचा. सगळ्यांसमोर झापला मी, कॉलेजात झोपा काढल्यास काय म्हणून. नंतर वाटलं, मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी मी तरी कशी वागले?”

सरांनी हातातली बर्फी खाली ठेवली.

“झोपत नव्हता गं तो,” मग ते हळूच म्हणाले. “तुमचे फॉर्म वाचल्यावर पुढच्या पोरांना मी ते शिकवायचंच बंद केलं.”