एकदाच विचारायचं

पोलीस साहेब आले ते सव्वातीनला, आणि तेही वर्दीत.

समाजसेविकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन वाजल्यापासून ती इस्पितळाच्या त्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होती. आत सात वर्षांची मुलगी आपल्या मावशीला चिकटून बसली होती. मुलीनं झालेलं सगळं आधी वर्गाच्या बाईंना सांगितलं, मग मुख्याध्यापिकेला, मग ठाण्यातल्या शिपायाला. दर वेळी ते थोडं आखूड होत गेलं. सकाळी डॉक्टरीणबाईंसमोर तर तिनं नुसती मान हलवली.

पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील, समाजसेविका, सगळ्यांनी मिळून मुलांना एकदाच विचारायचं, असा कायदा. तो प्रत्येकाच्या टेबलावर होता. एकमेकांचा फोन नंबर मात्र कुणाकडे नव्हता.

"साध्या कपड्यांत या म्हटलं होतं ना, साहेब?"

"तुमचं पत्र दुसऱ्याच ठाण्यात गेलं. मला अर्ध्या तासापूर्वी कळलं. उडत येऊ का?"

"भांडा नंतर," डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "खुंटीवर माझा स्वेटर आहे, तो चढवा."

स्वेटर साहेबांच्या पोटावर कसाबसा बसला. शेजारी उभ्या सरकारी वकिलांनी हसू दाबलं. पण हसायला वेळ कुणाला होता? सहाच्या आत जबाब झाला नाही, तर मुलीला घरी सोडावं लागणार होतं. घर म्हणजे आईवडील, आणि माडीवर काका.

मावशीला बाहेर बसवलं. बाकीचे काचेमागच्या खोलीत गेले. समाजसेविका मुलीसमोर बसली.

"ताई, परत सांगायचं?"

"हो गं. आज सगळे एकदमच ऐकणार आहेत. त्या काचेमागून."

"मग आधीच त्यांनी एकमेकांना का नाही विचारलं?"

"चुकलं आमचं," समाजसेविका म्हणाली.

मुलीचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. स्प्रिंगचं दार आपोआप मिटत आलं, खट्‌ वाजलं, आणि मुलीचे ओठही मिटले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. समाजसेविकेनं चित्रं काढून पाहिली, शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. हूं नाही की चूं नाही. चार वाजून गेले होते.

"दार उघडं ठेवा ना," मुलगी एकदम म्हणाली.

दार उघडं ठेवलं तर पॅसेजमधला सगळा गलका रेकॉर्डिंगमध्ये येणार, आणि कोर्टात समोरचा वकील त्यावरच बोट ठेवणार. समाजसेविकेनं हतबल होऊन काचेकडे पाहिलं. काचेत तिला तिचंच तोंड दिसलं.

तेवढ्यात दार उघडलं. साहेबांनी त्याला खांदा लावला आणि खोलीकडे पाठ करून उभे राहिले.

"या बाजूला कुणी फिरकायचं नाही," पॅसेजमध्ये त्यांचा दबका आवाज उमटला. "ती ट्रॉली थांबवा. चपला काढा, चपला."

ट्रॉलीची चाकं थांबली. कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. मुलीनं त्या रुंद पाठीकडे, पाठीपलीकडच्या रिकाम्या पॅसेजकडे बराच वेळ पाहिलं.

"आधी," ती म्हणाली, "काकांनी कडी लावली."